तीन धर, एक सोड

पाय प्लास्टरात गेल्यापासून
मी रोज एक डोंगर चढतो, कॉटवर पडून.
सौंदर्यानं घालून दिलाय मोबाईलमध्ये.
त्यात एक माणूस आहे. तोंड नाही त्याला,
नाक-डोळे काढायचे राहून गेलेत.
दोन हात, दोन पाय, बोटानं ओढायचे,
खडकातल्या खाचेवर नेऊन टेकवायचे.
बस्स. एवढाच खेळ.
नेम चुकला की ओल्या लेंग्यासारखा
घरंगळत येतो खाली,
डोकं आधी, बाकीचं जमेल तसं,
आणि पडदाभर कन्नड अक्षरं: मत्ते प्रयत्निसी.
फोन ऑफिसचा, भाषा ऑफिसची.
त्यातला प्रयत्न तेवढा दोघांचा,
त्याच्यावर पाय ठेवून मी पुन्हा वर.

पहिल्या सोळा लेव्हल एका संध्याकाळीत मारल्या.
बावीस वर्षं खांबावर काढलीत,
येळ्ळूर, देसूर, अवचारहट्टी,
वजन कुठं असतं ते मला कोण शिकवणार?
ते हातात नसतं. बेंबीखाली चार बोटं असतं.
पायावर आणलं की हात नुसता सोबतीला.
डावा हात, डावा पाय एका रेषेत आले
की माणूस बिजागरीवरच्या दारासारखा उघडतो.
हे मी भरमाण्णाला तो नवा असताना सांगितलेलं,
कानफटात मारून.
तीन धर, एक सोड.
कधीही तीन.

सतरावीला मात्र खडक पुढं आलाय
बैलाच्या वशिंडासारखा.
तिथं बेचाळीस वेळा पडलो. मोजून.
त्या माणसाचे हात लाल होतात, थरथरतात,
खालची खाच सुटत नाही, वरची पोचत नाही.

सौंदर्या शाळेतून आली,
दप्तर पाठीवरच ठेवून बघत राहिली.
"पप्पा, लई भिऊन खेळूलायसा.
दोन्ही हात सोडा की एकदम. झोका घेतंय ते."
दोन्ही?
"पडलं तर पडूंदे. खरं त्याला कुठं लागतंय?"
आणि आत गेली, चुरमुऱ्याचा डबा शोधायला.

मी फोन पोटावर उपडा ठेवला.
त्या दिवशी मी काय सोडलं होतं
ते रिपोर्टात एका ओळीत आहे.
पाऊस नव्हता. लाईन बंद होती.
काम संपवून पट्टा काढला होता,
अर्धा खांब उतरायचा राहिला होता,
खालून कुणीतरी चहाला हाक मारली
आणि मी वळून म्हणालो, साखर कमी.
रिपोर्टात साखर नाही.

आठला लाईट गेली.
गल्ली सवयीनं आधी माझ्याच नावानं ओरडते,
मग तिला आठवतं.
अंधारात माझा डोंगर तेवढा पेटलेला, नऊ टक्के.
खिडकीतून डीपीशेजारचा खांब,
आणि खांबावर एक टॉर्च वर वर निघालेला.
भरमाण्णा. चढण्यावरून ओळखला,
उजवा पाय जरा जास्तच लांब टाकतो.
जवळ घे, म्हणालो मी,
आणि बघतो तर माझं बोट काचेवर
त्याचा पाय ओढून घेत होतं, अलगद, वीतभर आत.
आता डावा हात. थांब. पट्टा.
पट्टा अडकव आधी.
मध्येच टॉर्च हलला,
मी दोन्ही अंगठे काचेवर दाबून धरले
नखं पांढरी होईपर्यंत.

लाईट आली. पोरांनी आरोळी ठोकली.
तो उतरेपर्यंत मी अंगठे काढले नाहीत.
शेवटचे चार फूट त्यानं उडीच मारली, गाढवानं,
दोन्ही हात सोडून.

मग खाली बघितलं, तर माझा माणूस
केव्हाच पडला होता
डोंगराच्या तळाशी, पाय दुमडून,
आणि वर तेच दोन शब्द
आठ टक्क्यांत वाट बघत.